अर्धे पान उत्तरासाठी
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



व्याख्यानमालेचे निमंत्रण घेऊन कार्यवाह आमच्या घरी आले, तेव्हा आम्ही त्यांना प्रथमच सांगून टाकले की, आम्ही कोणी विद्वान नव्हे. साधे बी.ए. झालो आणि केंद्र सरकारच्या हिशेब तपासणी खात्यात शिरलो. दुसऱ्यांनी केलेल्या खर्चाची बिले पाहता पाहता केस पिकले. व्याख्यान देण्यासारखे आमच्यापाशी काय असणार? त्यावर कार्यवाह मिस्कीलपणे म्हणाले, "जुन्या तिकिटांवर बोला. मागल्या गणेशोत्सवातले ते प्रकरण लोक अजून विसरलेले नाहीत."

ते प्रकरण आम्हीही विसरलेलो नाही. किंबहुना, भर मंडळात आमच्या हातून जी चूक घडली तिचा हिशेब भर मंडळातच द्यावा, याच हेतूने आम्ही हे निमंत्रण स्वीकारले. तेव्हा आजचा विषय असा: खेळांची जुनी तिकिटे व तत्सम कागद यांतील खरे कोणते आणि बनावट कोणते हे कसे ओळखावे, आणि ओळखू पाहणारा स्वतः कोठे फसतो.

तिकिटासारख्या क्षुल्लक चिठोऱ्याची एवढी चिकित्सा कशाला, असे कोणी विचारील. त्याचे एक उत्तर पैशांत आहे. जॅकी रॉबिन्सन हा कृष्णवर्णीय खेळाडू १५ एप्रिल १९४७ रोजी ब्रुकलिनच्या मैदानावर अमेरिकेच्या मुख्य बेसबॉल स्पर्धेत प्रथम उतरला. त्या सामन्याच्या तिकिटाचे एक फाटके अर्धुक २०२२ साली लिलावात ४ लाख ८० हजार डॉलरांना गेले. ज्या कागदाला असा भाव येतो त्याची नक्कलही निघते. हा बाजाराचा नियमच आहे. आपल्याकडे अजून एवढा भाव नाही; परंतु जुन्या क्रिकेट सामन्यांची तिकिटे, धावफलक आणि स्वाक्षऱ्या विकत घेणारे शौकीन आहेत, आणि त्यांना फसविणारेही आहेत.

दुसरे उत्तर पैशांत नाही. आपण घर सोडून दूर आलेली माणसे. वाडा विकला गेला, चाळ पाडली गेली, आणि बदलीगणिक सामान कमी करीत करीत शेवटी एका पत्र्याच्या पेटीत मावेल एवढेच जुने घर आपल्याबरोबर आले. त्या पेटीतील कागद खोटा आहे असे म्हणणे म्हणजे, तो ज्याने जपला त्या माणसालाच खोटे म्हणणे होय. हे दुसरे उत्तर आम्हांस फार उशिरा कळले. ते कसे, हे पुढे येईलच.

या छंदाची सुरुवात आमची बदली कोलकात्यास झाली तेव्हा झाली. कॉलेज स्ट्रीटवर घेतलेल्या एका जुन्या पुस्तकात वाचकाने खूण म्हणून घातलेले ईडन गार्डन्सचे एक तिकीट निघाले. सामना होता भारत-वेस्ट इंडीज, ३१ डिसेंबर १९६६ रोजी सुरू झालेला. बिशनसिंग बेदी यांचा हा पहिला कसोटी सामना. दुसऱ्या दिवशी, म्हणजे १ जानेवारी १९६७ रोजी, मैदानात मावतील त्याहून अधिक माणसे आत शिरली, दंगल उसळली, जाळपोळ झाली आणि त्या दिवसाचा खेळच होऊ शकला नाही. क्षमतेहून अधिक तिकिटे विकली गेली आणि बनावट तिकिटेही खपविली गेली, असे तेव्हापासून सांगितले जाते.

आमच्या हातातील तिकीट खरे की त्या वेळच्या बनावटांपैकी, हा प्रश्न आम्ही पुष्कळ दिवस उराशी बाळगला. मग ध्यानी आले की, प्रश्न वाटतो त्याहून अवघड आहे. त्याच आठवड्यात छापलेल्या बनावट तिकिटाचा कागद त्या काळचाच, शाई त्या काळची, आणि आज त्यावर चढलेले वयही खरेच. त्यात खोटा होता तो केवळ आत शिरण्याचा हक्क. म्हणजे 'हा कागद खरा आहे काय?' हा एक प्रश्न नसून ते अनेक प्रश्न आहेत. तो त्या काळचा आहे काय? ज्याने छापावा त्यानेच छापला आहे काय? नंतर त्यावर कोणी काही वाढविले किंवा पुसले आहे काय? आणि त्याच्याबरोबर जी हकीकत चालत आली ती त्याचीच आहे काय? या प्रत्येकाचे उत्तर वेगवेगळे मिळू शकते.

आता पद्धतीकडे वळू. प्रथम कागदावर काय लिहिले आहे ते वाचावे. हे ऐकून आपण हसाल. पण बहुतेक लबाड्या केवळ नीट वाचल्याने उघड्या पडतात, कारण खऱ्या कागदाला भविष्य ठाऊक नसते. आपल्याकडे दशमान नाणी १ एप्रिल १९५७ रोजी आली. त्यापूर्वीच्या तिकिटावर किंमत रुपये-आण्यांतच असावयास हवी. नव्या पैशांतील 'नवे' हे विशेषण १ जून १९६४ पासून गळाले. पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाला. तेव्हा तिकिटाच्या तळाशी छापखान्याच्या पत्त्यात सहा आकडी पिन असेल, तर तिकीट त्यानंतरचे. रुपयाचे आजचे चिन्ह १५ जुलै २०१० रोजी स्वीकारले गेले. हे चिन्ह छापलेले १९४८ सालचे म्हणून एक तिकीट आम्हांस एकाने मोठ्या विश्वासाने दाखविले होते. कागद चहात बुडवून पिवळा करण्याचे कष्ट त्या कारागिराने घेतले. चिन्हाचा विचार मात्र केला नाही.

मैदानांचेही तसेच. भारतातील पहिला कसोटी सामना १५ डिसेंबर १९३३ रोजी सुरू झाला तो बॉम्बे जिमखान्याच्या मैदानावर. लाला अमरनाथ यांनी दुसऱ्या डावात ११८ धावा काढल्या, त्या तेथे. ब्रेबॉर्न स्टेडियमचे उद्घाटन ७ डिसेंबर १९३७ रोजी झाले आणि वानखेडेवर पहिला कसोटी सामना झाला तो जानेवारी १९७५ मध्ये. तेव्हा त्या पहिल्या सामन्याच्या तिकिटावर ब्रेबॉर्नचे नाव असेल, तर पुढे भिंगाची आवश्यकताच उरत नाही.

वाचून झाल्यावर छपाई पाहावी. जुनी तिकिटे बहुधा खिळे जुळवून, दाबयंत्रावर छापलेली असत. खिळा कागदात किंचित रुततो. बोटाला तो दाब जाणवतो, कधी पाठीमागे पुसट उठावही दिसतो. आणि दाबाने शाई बाजूला सरकल्यामुळे दहापट भिंगाखाली अक्षराच्या कडा मध्यभागापेक्षा गडद दिसतात. उलट, संगणकाच्या छपाईयंत्रातून निघालेल्या नकलेत एकतर रंगीत ठिपक्यांचे शिंतोडे दिसतात किंवा कागदावर वितळून बसलेल्या भुकटीची चकाकी दिसते.

मग कागद. दुसऱ्या महायुद्धानंतर, साधारणपणे १९५० च्या सुमारापासून, कागद अधिक शुभ्र दिसावा म्हणून त्यात एक प्रकारची रसायने घालण्याची प्रथा पडली. अतिनील किरणांच्या दिव्याखाली ती निळसर पांढरी चमकतात. नोटा तपासण्याचा जो लहानसा दिवा बाजारात मिळतो, तोही या कामी येतो. १९३३ चा म्हणून दाखविलेला कागद अंधारात चांदण्यासारखा चमकू लागला, तर संशय घ्यावा. मात्र चमकला नाही म्हणून जुना ठरला, असे नव्हे. कारण ही रसायने नसलेला कागद आजही मिळतो.

वार्धक्याचीही एक रीत असते. हवा आणि उजेड यांचा स्पर्श प्रथम कडांना होतो, म्हणून कागद सहसा कडांकडून आत पिवळा होत जातो. चहाने आणलेले म्हातारपण मात्र सर्वांगास सारखे येते. गंजलेल्या टाचणीचा डाग पाठपोट जुळला पाहिजे. घडीवरून स्वाक्षरी गेली असेल आणि घडीच्या तुटलेल्या तंतूंत शाई पसरली असेल, तर घडी आधीची व स्वाक्षरी नंतरची. येथेही घाई नको. १९३३ च्या कागदावर कर्नल सी. के. नायडूंची स्वाक्षरी बॉलपेनने केलेली दिसली, तर ती खोटीच असे म्हणता येत नाही. ही लेखणी बाजारात आली चाळिशीच्या दशकात आणि नायडू निवर्तले १९६७ साली. मधल्या काळात एखाद्या चाहत्याने जुना कागद पुढे केला असेल आणि त्यांनी सही दिली असेल. एकाच कागदावर दोन काळ नांदू शकतात.

या सर्वांतून आम्ही एक सूत्र बनविले होते आणि ते मोठ्या दिमाखात सांगत असू: खोटे ठरविण्यास एक पुरावा पुरतो, खरे ठरविण्यास अनेकही अपुरे पडतात. सूत्र चुकीचे नाही. परंतु याच सूत्राने आम्हांस तोंडघशी पाडले.

मागल्या गणेशोत्सवात मंडळाने सभासदांच्या घरातील जुन्या कागदांचे एक छोटेसे प्रदर्शन भरविले, हे आपणांस स्मरत असेल. लग्नपत्रिका होत्या, शिधापत्रिका होत्या, गावाकडून आलेली पोस्टकार्डे होती. कागदातले जाणकार म्हणून निवडीचे व प्रत्येक वस्तूखाली माहितीची चिठ्ठी लिहिण्याचे काम आमच्याकडे आले. आपल्यातील एका ज्येष्ठ दांपत्याने एक तिकीट आणून दिले. त्यांना आपण काका-काकू म्हणू. तिकीट काकांच्या वडिलांचे: ब्रेबॉर्न स्टेडियम, ईस्ट स्टँड, ८ फेब्रुवारी १९४९.

जाणत्यांना या तारखेचे महत्त्व सांगावयास नको. वेस्ट इंडीजविरुद्धच्या मालिकेतील शेवटच्या कसोटीचा तो शेवटचा दिवस. विजयासाठी भारतास ३६१ धावा हव्या होत्या. विजय हजारे यांनी १२२ धावा केल्या, दत्तू फडकर शेवटपर्यंत झुंजत राहिले, आणि ८ बाद ३५५ वर खेळ संपला. सहा धावा कमी पडल्या. वेळ पुरती संपण्याआधीच पंचांनी खेळ थांबविला, ही हळहळ त्या पिढीने जन्मभर बाळगली. काकांचे वडील त्या दिवशी कचेरीतून रजा काढून गेले होते. त्या सहा धावांची गोष्ट त्यांनी मुलाला सांगितली, मुलाने नातवाला, आणि आता पणतूही ती सांगतो.

आम्ही तिकीट घरी आणून तपासले. किंमत रुपये-आण्यांत, ते ठीक. परंतु दिव्याखाली धरताच ते चमकले. अक्षरांवरून बोट फिरविले, तर खिळ्याचा दाब लागेना, सारे सपाट. छपाईची काळी अक्षरे रेखीव होती, पण जांभळ्या शाईत उठविलेला आसनक्रमांक मात्र पसरला होता, जणू कोणी मागाहून वेगळ्या शाईत घातला असावा. पाठीवर करडे पुसट डाग होते. ते आम्हांस मुद्दाम जुनेपणा आणण्यासाठी फासलेले वाटले. चार साक्षीदार, आणि चौघांची साक्ष एकच. आम्ही चिठ्ठी लिहिली: 'ब्रेबॉर्न स्टेडियम, १९४९. सत्यता संशयास्पद.' कारणे लिहिली नाहीत. काका-काकूंना विचारण्याचे तर मनातही आले नाही. तज्ज्ञाने कोणाला कशास विचारावे?

प्रदर्शनाच्या दुसऱ्या दिवशी काकांचा नातू ती चिठ्ठी वाचून मोठ्याने म्हणाला, "म्हणजे पणजोबा थापा मारत होते?" आजूबाजूचे चारजण हसले. काका काही बोलले नाहीत. सायंकाळच्या आरतीनंतर त्यांनी तिकीट मागून घेतले, खिशात ठेवले आणि ते निघून गेले. पुढचे दोन दिवस ते मंडळात आले नाहीत. गेल्या कित्येक वर्षांत त्यांचा गणपतीतला एक दिवस चुकलेला कोणास आठवत नाही.

तिसऱ्या दिवशी काकू एकट्याच आमच्या घरी आल्या. रागावल्या नव्हत्या. त्यांनी तिकीट टेबलावर ठेवले आणि एवढेच विचारले, "तुम्ही खोटे म्हणालात, ते कशावरून?"

आम्ही खोलीतला उजेड घालवून दिवा लावला. तिकीट चमकले. "काकू, १९४९ सालचा कागद असा चमकावयास नको," आम्ही म्हणालो, आणि त्यांना नीट समजावे म्हणून स्वतःच्या सदऱ्याची बाही दिव्याखाली धरली. "हे पाहा. धुण्याच्या पावडरीत हेच रसायन असते, म्हणून धुतलेला कपडा असा दिसतो."

काकू बराच वेळ त्या बाहीकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "तो सदरा मीच भिजवला होता."

हकीकत अशी. १९७१ सालचा ऑगस्ट महिना. काकूंच्या लग्नाला वर्षही झाले नव्हते. बिऱ्हाड गिरगावातल्या चाळीत. सासऱ्यांची एक समजूत होती: भारताचा कसोटी सामना चालू असला की ते तिकीट सदऱ्याच्या खिशात ठेवावयाचे, राहिलेल्या सहा धावा केव्हातरी भरून निघतील. २४ ऑगस्ट रोजी गणेश चतुर्थी होती. त्याच सायंकाळी ओव्हलवर अजित वाडेकरांच्या संघाने इंग्लंडला चार गडी राखून हरविले. इंग्लंडच्या भूमीवर भारताने जिंकलेला तो पहिला कसोटी सामना. चाळीत रेडिओभोवती जल्लोष झाला. दुसऱ्या दिवशी सणाच्या धुण्यात सासऱ्यांचा सदरा पावडरीच्या पाण्यात भिजला, आणि खिशातले तिकीटही. काकूंना ते सापडले तेव्हा बादलीत पडून त्याला दोन तास झाले होते. नवी सून; कोणाला सांगणार? त्यांनी ते वर्तमानपत्राच्या दोन पानांत ठेवले, वरून इस्त्री फिरविली आणि होते तेथे ठेवून दिले. सासऱ्यांना सांगितले नाही, यजमानांना नाही, पन्नासाहून अधिक वर्षे कोणालाही नाही.

आमच्यातल्या तपासनिसाने ही साक्षही तशीच स्वीकारली नाही, हे प्रांजळपणे सांगतो. तिकिटाची पाठ आम्ही आरशापुढे धरली. ज्यांना आम्ही फासलेले डाग समजलो होतो, त्यांत देवनागरी अक्षरे उलटी उमटली होती. आरशात त्यांतून एक शब्द जवळजवळ पुरता वाचता आला: 'ऑगस्ट'. मग रद्दीवाल्याकडून चाळिशीच्या दशकातील एका हिशेबवहीचा जाड पुठ्ठेवजा कागद मिळविला. दिव्याखाली तो चमकत नव्हता. त्याचा अर्धा भाग पावडरीच्या पाण्यात भिजविला, अर्धा कोरडा ठेवला. वाळवून दिव्याखाली धरला, तर भिजलेला अर्धा चमकला, कोरडा काळोखातच राहिला. इस्त्री फिरविली, तेव्हा त्यावरील खिळ्याचा दाबही बोटाला लागेनासा झाला. जांभळ्या शिक्क्याची शाई पाण्यात पसरते आणि छपाईची तेलातली काळी शाई पसरत नाही, हे तर आम्हांस आधीपासून ठाऊक होते. फक्त आठवले नव्हते.

सर्वांत लाजिरवाणी गोष्ट अशी की, तिकिटाची चमक सर्वत्र सारखी नव्हती. घडीत ती अधिक होती, मध्यभागी पुसट. कागद बनवितानाच रसायन घातलेले असेल, तर तो सर्वत्र सारखा चमकतो. हा असमानपणा आम्ही पहिल्याच दिवशी पाहिला होता, पण मनाशी निर्णय झालेला असल्याने त्याकडे लक्ष दिले नाही. ज्या चारांना आम्ही चार साक्षीदार समजलो, ते मुळात एकच होते: एक बादली आणि एक इस्त्री.

येथे आमच्या खात्यातील एक जुनी रीत सांगितली पाहिजे. एखाद्या कचेरीचे हिशेब तपासताना शंका आली, तर आम्ही तत्काळ ठपका ठेवीत नाही. शंकेचे टिपण कागदाच्या अर्ध्या भागात लिहावयाचे आणि उरलेला अर्धा भाग कोरा सोडावयाचा. त्या कोऱ्या अर्ध्यात संबंधितांनी आपले उत्तर लिहावयाचे. या टिपणाला 'हाफ मार्जिन'च म्हणतात. कितीतरी शंका त्या कोऱ्या अर्ध्यातच मिटतात. पावती दुसऱ्या फायलीत असते, मंजुरीचे पत्र मागून आलेले असते. ही रीत आम्ही नोकरीच्या पहिल्या महिन्यात शिकलो आणि सरकारच्या दर पैशाच्या बाबतीत पाळली. आपल्याच मंडळातील एका वृद्ध गृहस्थाच्या वडिलांच्या बाबतीत मात्र आम्ही पूर्ण पान स्वतःच लिहून काढले.

दुसऱ्या दिवशी आम्ही काकांच्या घरी जाऊन क्षमा मागितली. काकूंनी त्यांना रात्रीच सर्व सांगितले होते. काका हसले आणि म्हणाले, "अहो, बाबांना तेव्हाच कळले होते. तिकिटाला साबणाचा वास येत होता. मला म्हणाले, 'ओव्हलच्या विजयाने तिकीटसुद्धा न्हाऊन निघाले. सूनबाईला काही बोलू नकोस.' मी बोललो नाही."

"मग प्रदर्शनात का सांगितले नाहीत?" आम्ही विचारले.

"तुम्ही कारण कोठे लिहिले होते? संशय कसला, ते कळले असते तर सांगितले असते. आणि हिच्यादेखत कसे सांगणार?"

म्हणजे सासऱ्यांनी सुनेसाठी, मुलाने बायकोसाठी आणि सुनेने सासऱ्यांसाठी मौन धरले होते, आणि त्या मौनाच्या नेमक्या मध्यभागी आम्ही 'संशयास्पद' असा शिक्का मारून बसलो होतो.

आता तपासनिसाच्या भूमिकेतून शेवटचा निर्णय सांगणे आम्हांस प्राप्त आहे. ते तिकीट खरे आहे काय? आमच्या शंका निकाली निघाल्या आहेत; किंमत, छपाई आणि अर्धुक फाडण्याची रीत त्या काळाशी विसंगत नाही; आणि हकीकत तपासून पाहता टिकली आहे. त्याच सामन्याचे दुसरे निर्विवाद तिकीट शेजारी ठेवून अक्षरवळण जुळविता आले, तर खात्री आणखी वाढेल. तसे तिकीट अजून आमच्या हाती आलेले नाही. शिवाय तिकीट एवढेच सांगते की कोणी एक मनुष्य त्या दरवाजातून आत गेला. तो मनुष्य कोण, हे सांगणारी माणसे असतात, कागद नसतो. म्हणूनच हकीकतीचे जतन कागदाइतकेच महत्त्वाचे.

तेव्हा जाता जाता काही व्यवहाराच्या गोष्टी. घरी गेल्यावर पेटी उघडा. तिकिटे, धावफलक, स्पर्धांची प्रमाणपत्रे, संघाची छायाचित्रे, जे असेल ते पाठपोट छायाचित्र घेऊन ठेवा. त्यांवर प्लॅस्टिकचा पापुद्रा चढवून घेऊ नका; तो पुन्हा निघत नाही, आणि खरेखोटे पाहण्याची वाटही कायमची बंद होते. चिकटपट्टी लावू नका. तिचा डिंक कागदात उतरून तपकिरी डाग पाडतो. स्वच्छ पॉलिएस्टरच्या पाकिटात, उजेड व ओल यांपासून दूर ठेवा. मळ दिसला म्हणून पुसू अथवा धुऊ नका. धुण्याचे परिणाम आपण आताच ऐकले. कागदावर पेनाने काही लिहू नका. निराळ्या चिठ्ठीवर लिहा: हा कागद कोणाचा, कोणाकडून आला, केव्हा आला, मध्ये त्याचे काय झाले. ओला झाला असेल तर तेही लिहा, फाटला असेल तर कसा फाटला ते लिहा. अपघात लपविला की तोच पुढे लबाडी ठरतो.

आणि हे काम आज करा. आता पुष्कळ सामन्यांना कागदी तिकीटच नसते. दरवाजावर भ्रमणध्वनी दाखविला की आत जाता येते. जे कागद आहेत त्यांची संख्या यापुढे फारशी वाढावयाची नाही, आणि त्यांची हकीकत सांगू शकणारी माणसे तर दरवर्षी कमीच होणार. काकू त्या दिवशी आमच्याकडे आल्या नसत्या, तर ते तिकीट आमच्या अक्षरातील दोन शब्दांखाली कायमचे गाडले गेले असते.

या सुवर्णमहोत्सवानिमित्त सभागृहाबाहेर ते प्रदर्शन पुन्हा मांडले आहे. काकांनी मोठ्या मनाने तिकीट परत दिले आहे. त्याखालची नवी चिठ्ठी आम्हीच लिहिली. नातवाने ती तपासली आणि काकूंनी संमती दिली. डाव्या अर्ध्यात लिहिले आहे: 'ब्रेबॉर्न स्टेडियम, ईस्ट स्टँड, ८ फेब्रुवारी १९४९. हे तिकीट २५ ऑगस्ट १९७१ रोजी गिरगावात धुतले गेले.' उजवा अर्धा कोरा आहे. त्या सामन्याविषयी, त्या स्टँडविषयी किंवा तशा दुसऱ्या एखाद्या तिकिटाविषयी आपणांपैकी कोणास काही ठाऊक असेल, तर शेजारी पेन्सिल बांधून ठेवली आहे.